बाईंचा आवाज आणि मी, एक हट्टी म्हातारा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि सुरुवातीलाच सांगून ठेवतो, मी चुकलो नव्हतो. मला अडेलतट्टू म्हणाले, ठोकळा म्हणाले, भंगारात काढलं. हे सगळं झालं. पण बाईंच्या आवाजाच्या बाबतीत मी चुकलो नव्हतो. ते कसं, ते सांगण्यासाठीच आज बोलतो आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एकाने माझ्या पोटात पंखा बसवला, दुसऱ्याने स्मरणाची तबकडी, तिसऱ्याने झाकणाचे स्क्रू आवळले. एक स्क्रू तिरका बसला तो आजही तिरकाच आहे. तिथून खोक्यात बसून मी आलो एका दुमजली इमारतीच्या वरच्या खोलीत. ती ध्वनिमुद्रणाची खोली होती. भिंतींना जाड गोधड्या ठोकलेल्या, दाराच्या कडांना रबराची पट्टी, आणि एका कोपऱ्यात एक खुर्ची, जिच्यावर कुणालाही बसू देत नसत, कारण ती कुरकुरायची. खोलीच्या मालकांना सगळे काका म्हणत.

माझ्या पंख्याचा आवाज होतो म्हणून काकांनी मला एका कपाटात ठेवलं आणि वारा यावा म्हणून कपाटाला भोकं पाडली. बाहेर गाणारे गात, आणि मी अंधारात बसून ते जपून ठेवी. मला वाईट वाटलं नाही. पाया कधी दिसतो का? पण घर त्याच्यावरच उभं असतं.

काकांची एक सवय होती. कुठलंही ध्वनिमुद्रण सुरू करण्याआधी ते खिशातून लोखंडाचा एक दोन दातांचा काटा काढत, गुडघ्यावर आपटत आणि मायक्रोफोनसमोर धरत. टण्... असा एक सरळ, स्वच्छ सूर निघे. त्याला स्वरकाटा म्हणतात. तो नेहमी एकच सूर देतो, थंडीत, उन्हाळ्यात, कुणाच्याही हातात. तो सूर झाला की काका तारीख सांगत आणि मगच गाणाऱ्याला खूण करत. गाणारे हसायचे.

"काका, हा काय तुमचा मंत्र आहे की काय?"

"मंत्रच समजा," काका म्हणायचे. "तुमचा सूर उद्या हरवला तर या मंत्राने सापडेल."

कुणाला ते खरं वाटलं नाही. मला तरी कुठे वाटलं होतं!

वीस वर्षांपूर्वी एके दिवशी त्या खोलीत बाई आल्या. शेजारच्या शाळेत त्या बालवर्गाला शिकवत. काकांची लेकही त्यांच्याच हाताखाली एक ते दहा मोजायला शिकली होती. बाईंनी लहान मुलांसाठी स्वतः अकरा गाणी केली होती. वाद्य नाही, साथ नाही. दोन्ही हात वर धरायचे, मुठी मिटायच्या आणि गात गात एकेक बोट उघडायचं. 'एक बोट जागं झालं, दुसऱ्याला उठवू लागलं...' असं ते पहिलं गाणं. मी तेव्हापासून हजारो आवाज ऐकले. मोठे गवय्येही ऐकले. पण मुलांसमोर उभं राहून गायलेला तसा धीराचा आवाज दुसरा ऐकला नाही.

अकराही गाणी मी पोटात ठेवली. ती कशी ठेवतात, ते तुम्हाला कळायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. समजा, आवाज म्हणजे मण्यांची माळ आहे. मी एका सेकंदात आवाजाचे चव्वेचाळीस हजार शंभर मणी ओवतो. ऐकवताना तेवढेच मणी एका सेकंदात पुढे सरकवतो, म्हणजे आवाज जसाच्या तसा येतो. किती मणी, हा आकडा मी एका वेगळ्या छोट्या फाईलमध्ये लिहून ठेवतो. माळ मोठी असते, चिठ्ठी अगदी चिमुकली. आईने डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखी. आत साखर आहे की मीठ, ते चिठ्ठी सांगते.

पुढची काही वर्षं माझी चैनीची गेली. लोक म्हणत, काकांच्या खोलीत आवाज कसा आरशासारखा येतो! काका कपाटाकडे बोट दाखवत. मग माझे केस पिकले. म्हणजे काय झालं, तर माझ्या घड्याळाची बारीक बॅटरी संपली. तेव्हापासून झोपेतून उठवलं की मी कुठल्यातरी जुन्या वर्षाची तारीख सांगतो आणि 'पुढे जायचं असेल तर एक बटण दाबा' म्हणतो. यावरून माझी पुष्कळ टिंगल झाली. नवीन लॅपटॉप आला. काकांची लेक आता ताई झाली होती, गिऱ्हाईकं तिला ताई म्हणत आणि कामाचा भार तिच्यावर आला होता. काकांना कानात यंत्र लावावं लागलं. मी कपाटातच राहिलो. माझ्यावर आधी एक वही आली, मग वायरींचा गुंता, मग मोडक्या हेडफोनचं खोकं.

आणि बाईंचा आवाज गेला.

घशाची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज वाचला नाही. बाई आता पाटीवर लिहून बोलत. लिहायच्या आणि लगेच पुसायच्या, जणू शब्द हवेतच विरले. या वर्षी शाळेने ठरवलं की बालवर्गात रोज सकाळी बाईंचीच गाणी लावायची. बाई समोर उभ्या राहतील, बोटं उघडतील आणि आवाज ध्वनिक्षेपकातून येईल. बाई काकांकडे आल्या आणि पाटीवर लिहिलं, 'माझी गाणी आहेत ना?'

"आहेत म्हणजे? कपाटात आहेत," काका म्हणाले.

मित्रांनो, 'कपाटात आहेत' म्हणजे माझ्यात आहेत. बाईंचा आवाज या जगात दुसरीकडे कुठेही उरला नव्हता.

ताईने मला बाहेर काढलं, फडक्याने पुसलं. मुलगी कामाला वाघ आहे, तिला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. पण तिच्या मागे चार कामं एकदम लागलेली होती. माझ्यातल्या जुन्या प्रोग्रामची किल्ली, म्हणजे परवान्याचा क्रमांक, केव्हाच हरवली होती, त्यामुळे तो गाणी ऐकवायचा, पण दुसऱ्या प्रकारात बदलून बाहेर द्यायचा नाही. तिने फाईल बदलणारा एक नवा प्रोग्राम माझ्यात घालायचा प्रयत्न केला. मी सांगितलं, 'हा प्रोग्राम या संगणकावर चालणार नाही.'

"बघा ना बाबा! काही सांगा याला, नाहीच म्हणतो. अडेलतट्टू!"

"तुझ्या आजोबांवर गेलाय," काका म्हणाले.

मग तिने पेनड्राइव्ह लावला आणि गाण्यांच्या अकरा मोठ्या फाईली उतरवून घेतल्या. शेजारी ती चिमुकली चिठ्ठी होती. 'हे काय, कचरा' म्हणून ती तिने तिथेच ठेवली. मला दिसत होतं. पण विचारल्याशिवाय बोलता येत नाही, हे संगणकाचं दुर्दैव आहे.

लॅपटॉप म्हणाला, 'ही फाईल ओळखता येत नाही.' ताईने फाईलच्या नावाचं शेपूट बदललं. लॅपटॉपने पुन्हा तेच सांगितलं. मित्रांनो, हे पक्कं लक्षात ठेवा. चपलांच्या दुकानावर मिठाईचा फलक लावला तर चपला गोड लागत नाहीत! नाव बदलल्याने फाईल बदलत नाही.

शेवटी तिने दुसरी वाट धरली. फाईल कच्ची उघडायची, म्हणजे नुसते मणी घ्यायचे आणि लॅपटॉपला ओवायला लावायचे. लॅपटॉपने विचारलं, 'सेकंदाला किती?' आणि चौकटीत स्वतःच उत्तरही लिहून ठेवलं, अठ्ठेचाळीस हजार. त्या खोलीत हल्ली सगळं काम चित्रफितींचं चाले आणि चित्रफितींना तोच आकडा लागतो. रोज शंभर वेळा ती त्याला 'हो' म्हणत असे. तशीच म्हणाली. मग गाण्याआधीचा काट्याचा सूर आणि तारीख तिने कापून टाकली, मध्ये कुठे रिकामी जागा दिसली ती मिटवली, खरखर काढली, आणि पेनड्राइव्ह दुसऱ्या कामासाठी पुसून घेतला.

"झालं!" ती म्हणाली. "बाबा, आता हा ठोकळा शनिवारी भंगारवाल्याला देऊन टाकू. कपाट तरी मोकळं होईल."

काकांनी गाणं ऐकलं. यंत्र कानात नीट बसवलं आणि परत ऐकलं. "आवाज जरा चिरका वाटतोय ग."

"बाबा, ते तुमच्या कानातल्या यंत्रामुळे."

काकांनी यंत्र काढून फडक्याने पुसलं. माणसाला त्याच्या कानांविषयी शंका आली की तो भांडत नाही. मला मात्र जिन्याच्या वळणावर नेऊन ठेवलं, झाडू आणि फुटक्या बादलीच्या शेजारी.

शनिवारी बाई गाणी ऐकायला आल्या. हे मी नंतर काकांच्या तोंडून ऐकलं. ताईने त्यांना चांगल्या खुर्चीवर बसवलं आणि पहिलं गाणं लावलं. बाईंनी सवयीने दोन्ही हात वर केले, मुठी मिटल्या. एक बोट उघडलं. दुसरं. सहापर्यंत कसंबसं जमलं. गाणं आठवर पोचलं, तेव्हा बाईंचं बोट सातवरच होतं. त्यांनी हात खाली घेतले आणि पाटी उचलली.

'ही मी नव्हे.'

ताई त्यांच्या खुर्चीजवळ वाकली. "बाई, आपला रेकॉर्ड केलेला आवाज सगळ्यांनाच परका वाटतो. खरंच. इथे येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. आणि तुम्हाला तो ऐकून इतकी वर्षं झाली..."

बाईंनी पाटी पुसली. खडू इतका दाबला की तो मोडला.

'आवाज परका असेल. घाई माझी नाही.'

"बाई, सोमवारी शाळेत लावायचंय. आता यात आणखी काय करणार मी?"

 तीच पाटी बाईंनी छातीशी धरली, अक्षरं बाहेर करून, आणि तशाच बसून राहिल्या. वर्गात गोंगाट झाला तर अशाच बसायच्या म्हणे. चाळीस पोरं आपोआप गप्प व्हायची. ताईसुद्धा झाली.

काका उठले. "मलाही तेच वाटलं होतं," ते म्हणाले. "पण माझ्या कानांचा भरवसा मला नाही. म्हणून कानांना विचारायचंच नाही." त्यांनी खिशातून काटा काढला. "गाण्याच्या आधीचा टण् कुठाय?"

"तो कापला मी. मुलांना कशाला टण् ऐकवायचा?"

"मूळ फाईलमध्ये असेल."

"पेनड्राइव्ह पुसला, बाबा. मूळ तर..." ताईचा चेहरा उतरला. "मूळ त्या ठोकळ्यातच आहे."

आणि ठोकळा, मित्रांनो, तेव्हा भंगारवाल्याच्या खांद्यावर बसून जिना उतरत होता.

काका पायऱ्यांवरून ओरडले, "अहो, थांबा! तो परत आणा!"

"काका, दिलेली वस्तू परत मागत नसतात."

"दिली कुठे? जिन्यात ठेवली होती."

"बादलीशेजारी? बादलीशेजारी ठेवतात ते काय दागिने असतात?"

"आज आहेत! वर या, चहा घ्या, पण आधी त्याला खाली ठेवा. हळू! आदळू नका!"

भंगारवाला हसला आणि मला घेऊन उलट वर चढला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा मान. दारात मला टेकवून तो म्हणाला, "काय सोनं आहे हो याच्यात?" बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या गळ्याकडे बोट केलं. त्याला कळलं नसावं. पण तो चहा घेईपर्यंत थांबला आणि मग उभ्यानेच सगळं ऐकत राहिला.

मला वायरी जोडल्या, बटण दाबलं. पंखा घरघरला, धूळ उडाली. मी नेहमीप्रमाणे चुकीची तारीख सांगितली. ताईने बटण दाबून पुढे नेलं. जुना प्रोग्राम सावकाश उघडला. मी मुद्दामच सावकाश उघडला असं म्हणायला मला आवडेल, पण खरं सांगतो, माझा वेगच तेवढा आहे.

टण्...

माझ्यातून सूर निघाला. काकांनी त्याच क्षणी हातातला काटा गुडघ्यावर आपटला आणि वर धरला. दोन्ही सूर एकमेकांत असे मिसळले की एकच उरला. वीस वर्षांपूर्वीचा टण् आणि आजचा टण्, मध्ये केसाचंही अंतर नाही.

"आता तुझ्या लॅपटॉपवर," काका म्हणाले.

ताईने माझ्यातून तीच फाईल पुन्हा घेतली, लॅपटॉपमध्ये आधीसारखीच उघडली. टण्. काकांनी काटा धरला. या वेळी दोन सूर एकमेकांच्या अंगावर धावून गेले. लॅपटॉपमधला वरचा, काकांच्या हातातला खालचा. भंगारवाल्याने तोंड वाकडं केलं. कळायला संगीत यावं लागत नव्हतं.

"बाबा, काटा बिघडला नसेल ना?"

"लोखंड आहे ते. त्याचा मूड जात नाही."

"फाईल तीच, आणि आवाज वेगळा..." ताई माझ्या पडद्यासमोर बसली. या वेळी घाईने नाही. फाईलींची यादी वरून खाली वाचली, एकेक. अकरा मोठ्या फाईली. आणि तळाशी ती चिमुकली. तिने ती उघडली. पाच-सहा ओळी होत्या. त्यांतल्या एका ओळीत आकडा होता, चव्वेचाळीस हजार शंभर.

तिने कपाळावर हात मारून घेतला. "मी त्याला अठ्ठेचाळीस सांगितले! मणी तेच, पण मी ते पळवले. म्हणून आवाज चढला आणि गाणं लवकर संपलं. तीन मिनिटांचं गाणं पावणेतीन मिनिटांत! बाबा, तुमचे कान चांगले आहेत हो."

"कळलं ना? मग आता सगळ्यांना सांग," काका म्हणाले, आणि रुबाबात कानातलं यंत्र ठीकठाक करू लागले.

तिने लॅपटॉपला खरा आकडा सांगितला. टण्. काटा आपटला. एकच सूर. मगच तिने शाळेला हव्या त्या प्रकारात फाईल बदलली. आधी खरं काय ते सांगायचं आणि मग रूप बदलायचं, क्रम हा असा आहे. या वेळी तिने काही कापलं नाही.

गाणं लागलं. बाईंनी पुन्हा हात वर केले. एक बोट जागं झालं. दुसरं. बोट आणि सूर बरोबर चालू लागले. पाच, सहा, सात. आणि सातनंतर गाणं थांबलं.

थांबलं म्हणजे बिघडलं नाही. नुसती शांतता होती. एक श्वास, दोन श्वास. मग आठ आलं.

"ही जागा," ताई म्हणाली, "ही मी मिटवली होती. मला वाटलं, रेकॉर्डिंगमधली चूक आहे."

बाईंनी पाटी घेतली. या वेळी खडू हळू चालला.

'ती चूक नव्हे. ती तू. सातनंतर तू अडायचीस. सगळा वर्ग तुझ्यासाठी थांबायचा.'

ताईने पाटी वाचली. परत वाचली. बाईंनी एरवीप्रमाणे ती लगेच पुसली नाही. भंगारवाल्याने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "मग हा ठोकळा नेऊ की नको?" तेव्हा ताई आणि काका दोघेही एकदम त्याच्यावर ओरडले. बिचारा! चूक त्याची काहीच नव्हती.

सोमवारी शाळेत गाणी लागली. मी तिथे नव्हतो, पण दोन आठवड्यांनी ताईने त्या वर्गाचं ध्वनिमुद्रण करून आणलं आणि माझ्यातही एक प्रत ठेवली. आता बाईंच्या गाण्यांच्या तीन प्रती आहेत, तीन वेगवेगळ्या जागी, आणि प्रत्येकीबरोबर ती चिमुकली चिठ्ठी आहे. त्या ध्वनिमुद्रणात वर्गातली पोरं ओरडून मोजतात. सात होतं. शांतता येते. त्या शांततेत एक बारीक आवाज येतो, "थांब ना, माझं उघडत नाहीये!" आणि आख्खा वर्ग थांबतो. मग आठ.

आणि त्या सगळ्याच्या आधी, अगदी सुरुवातीला, आहे एक टण्. काटा ताईने आपटला होता. नंतर तारीखही तिनेच सांगितली.

मित्रांनो, माझी पूजा करा असं मी म्हणत नाही. माझाही पंखा एक दिवस बंद पडेल, तेव्हा मला खुशाल न्या. पण कुठलीही जुनी वस्तू फेकण्याआधी तिच्या पोटात काय आहे ते एकदा शेवटपर्यंत ऐका. मूळ प्रत पुसू नका. लहान चिठ्ठीला कचरा म्हणू नका. रिकामी जागा दिसली की लगेच मिटवू नका, तिथे कुणीतरी उभं असेल. आणि एखादं म्हातारं माणूस किंवा एखादं म्हातारं यंत्र 'हे माझं नव्हे' म्हणून अडून बसलं, तर त्याला हट्टी म्हणण्याआधी काटा आपटून बघा.

मी आता कपाटात नाही. कपाटाच्या बाहेर, टेबलावर आहे. माझ्यावर खोकी ठेवायला बंदी आहे. माझ्या घड्याळाची बॅटरी अजून कुणी बदललेली नाही, तेव्हा तारीख मला विचारू नका, ती मी चुकीचीच सांगणार. आवाज विचारा.